छापून झाल्यावर पुस्तकाचं काय होतं



आज पुस्तकांविषयी बोलायचं आहे, पण पुस्तकात काय लिहिलंय त्याविषयी नाही. कागदावर शाई उमटल्यानंतर त्याचं पुढे जे काही होतं, त्याविषयी. कापणं, घडी घालणं, शिवणं, चिकटवणं, कव्हर चढवणं. छपाईच्या धंद्यात या सगळ्याला फिनिशिंग म्हणतात, आणि ते जिथे होतं ती बाइंडरी.

विषय कोरडा वाटेल, पण जरा आपल्या आजूबाजूला बघा. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी मंडळी अमेरिकेत आली, त्यांतले बरेच जण आता पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडून गेलेत. कोणी आठवणी लिहितंय, कोणी कुलवृत्तांत करतंय, कोणी आईच्या पाककृती गोळा करतंय. मंडळांच्या पन्नाशीच्या स्मरणिका निघतायत. शंभर-दीडशे प्रती छापायच्या आणि नातेवाइकांत वाटायच्या. मला हे फोन येतात, कारण मी आयटी सल्लागार असलो तरी काही वर्षं इथल्या न्यू जर्सीतल्या एका बाइंडरीचं कामाच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बसवत होतो. फोनवर लोक कागद विचारतात, मुखपृष्ठ विचारतात, फॉन्ट विचारतात. बांधणी कोणती करायची, हे आजवर मला एकानेही आपणहून विचारलेलं नाही. आणि पुस्तक हमखास तिथेच दगा देतं.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. आजींनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी आठवणी लिहिल्या. लहानपण कोकणात, लग्नानंतर मुंबई, मग मुलामागोमाग इथे. पुस्तकात फोटो बरेच, म्हणून गुळगुळीत चकचकीत कागद घेतला. वाढदिवसाची तारीख ठरलेली, फाइल उशिरा गेली, पुस्तकं आदल्या दिवशी हातात आली. सोहळा छान झाला. दोन हिवाळे गेले आणि पुस्तक उघडलं की पानं हातात यायला लागली. एक-दोन नाही, पुंजकेच्या पुंजके. तोवर आजी गेल्या होत्या. घरातलं कोणीतरी म्हणालं, "आजीची पोथी झाली." खरं तर पोथी सुटीच असते, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधायची. तिची रचनाच तशी. या पुस्तकाची नव्हती.

तुम्ही म्हणाल, फाइल असेल ना, पुन्हा छापा. मूळ लॅपटॉप कधीच भंगारात गेला होता. पेन ड्राइव्हवर एक प्रत मिळाली ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, त्यामुळे उघडली की पानभर गिचमीड. रूपांतर करून बराच मजकूर परत आला, पण जोडाक्षरांची वाट लागलेली, आणि फोटो त्यात नव्हतेच. मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, नीट बांधलेलं पुस्तक माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या सर्व्हरपेक्षा जास्त वर्षं टिकतं. आपल्या घरांत तर हे जास्तच लागू आहे. आज ज्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यांतलं एखादं पुढे कधीतरी, तिशी-पस्तिशीत, वाचायला शिकेल. तोपर्यंत ते पुस्तक शेल्फवर शाबूत राहायला हवं.

तर आता बाइंडरीत जाऊ या.

आपण काम देतो छापखान्याला. पण बऱ्याच छापखान्यांकडे फक्त छपाईची यंत्रं, एखादं कटिंग मशीन आणि साधी घडीची सोय असते. बाकीचं काम बाहेर जातं, फक्त छापखान्यांसाठी काम करणाऱ्या बाइंडरीकडे. तिला ट्रेड बाइंडरी म्हणतात. ती थेट तुमच्या-आमच्याकडून सहसा काम घेत नाही, कारण मग छापखानेवाल्यांना ती आपली स्पर्धक वाटेल. त्यामुळे आपल्याला ती दिसतच नाही. पुस्तकावर तिचं नाव नसतं, बिलावरही बहुतेक वेळा नसतं.

आत गेलात की आधी कटिंग मशीन दिसतं. कागदाचा गठ्ठा सुरीखाली जातो, आणि दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणं एकदम दाबल्याशिवाय सुरी खाली येत नाही. हात वाचावेत म्हणून ती योजना. पुढे घडीची यंत्रं. मग घड्या क्रमाने एकावर एक रचणारं यंत्र, शिवणयंत्र, गोंदाचं यंत्र, आणि शेवटी तीन सुऱ्यांचं कटर, जे पुस्तकाची वरची, खालची आणि उघडायची अशा तीन बाजू कापतं. मधे लांब टेबलं आणि हाताने काम करणारी माणसं. मी जात असे तिथे अर्ध्या टेबलावर स्पॅनिश चालायचं आणि अर्ध्यावर गुजराती. फोरमन सत्तरीकडे झुकलेला. तो तयार पुस्तक हातात घेऊन मधोमध उघडायचा, मागे वाकवायचा, एक पान चिमटीत धरून सरळ ओढायचा. पान कितपत ताण घेतं हे मोजायचं यंत्र मिळतं, त्यांच्याकडे ते होतंही. पण माल पाठवायचा की नाही हे त्याची चिमूट ठरवायची, आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चिमटीसाठी रकाना नव्हता.

एमबीए करताना आम्हाला गोल्डरॅटचं 'द गोल' वाचायला लावलं होतं, १९८४ चं पुस्तक. कारखान्याचा वेग त्याच्या सगळ्यात चिंचोळ्या जागेवर ठरतो, हे त्याचं सार. बाइंडरीत मला आणखी एक गोष्ट कळली. ती सगळ्यांच्या शेवटी आहे, म्हणून सगळ्यांचा उशीर तिच्या दारात येऊन साठतो. लेखकाने आठवडा उशीर केला, मुद्रितशोधकाने चार दिवस, छापखान्याने दोन, पण समारंभाची तारीख काही हलत नाही. मग घाई कुठे होते? गोंद धरायला जो वेळ लागतो, तिथे. बरं, इथवर पोचलेल्या कागदावर सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. कागद, प्लेट, शाई सगळं त्यात आलं. इथे एक घडी वाकडी गेली की ते सगळं रद्दीत. म्हणून छापखाने मुळातच थोडे जास्त ताव छापतात. कराराच्या बारीक अक्षरांत बघा, ठरलेल्या संख्येपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त प्रती देण्याची मुभा छापखान्याने पूर्वापार ठेवलेली असते. तुम्हाला नेमक्या १५० हव्या असतील, एकही कमी चालणार नसेल, तर तसं आधी लिहून घ्या.

आता थोडं हाताने करून बघायचं. घरात ऐकत असाल तर शेल्फवरून दोन पुस्तकं काढा, एक पुठ्ठा बांधणीचं आणि एक पातळ कव्हरचं. गाडी चालवत असाल तर कृपया नको.

पुस्तक बंद ठेवा आणि कण्याच्या वरच्या टोकाकडून, डोक्यावरून बघा. पानांचे छोटे छोटे जुडगे दिसतात का, प्रत्येक जुडगा घडी घातल्यासारखा गोलसर? तसं असेल तर पुस्तक फर्म्यांचं आहे. आता एखाद्या जुडग्याच्या बरोबर मधलं पान उघडा. घडीत दोरा दिसला तर ती शिवण. ही बांधणी सगळ्यात टिकाऊ. इथे तिला स्मिथ शिवण म्हणतात, डेव्हिड मॅककॉनेल स्मिथ यांच्या नावावरून. पुस्तकं शिवण्याच्या यंत्राचं पेटंट त्यांनी १८६८ मध्ये घेतलं, आणि त्यांच्या नावाची कंपनी आपल्या जवळच्या कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डला होती. घडी आहे पण दोरा नाही, असंही दिसेल. तिथे घडीला खाचा पाडून त्यातून गोंद आत पोचवलेला असतो. तेही वाईट नाही.

पण डोक्यावरून बघताना जुडगे न दिसता नुसती सुटी पानं आणि गोंदाची एक सरळ रेघ दिसली, तर ती परफेक्ट बाइंडिंग. या नावाला हसू नका. यात घड्यांची मागची बाजू यंत्राने तासून टाकतात, म्हणजे प्रत्येक पान सुटं होतं, आणि मग खरखरीत केलेल्या कण्याला गरम गोंद लावून कव्हर चिकटवतात. प्रत्येक पान फक्त आपल्या कडेच्या जाडीवर उभं असतं. साधा गोंद, ज्याला ईव्हीए म्हणतात, साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला वितळवून लावतात आणि तो काही सेकंदांत धरतो. म्हणून तो स्वस्त, म्हणून तो घाईचा मित्र. कडक थंडीत मात्र तो ठिसूळ होतो, आणि टेक्ससच्या किंवा दुबईच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर मऊ पडू शकतो. शिवाय चकचकीत कागदावर जो लेप असतो तो गोंदाला तंतूंपर्यंत पोचू देत नाही. आजींच्या पुस्तकाचं उत्तर इथे आहे. लेपाचा कागद, साधा गोंद आणि इथले हिवाळे.

दुसरा गोंद पीयूआर. तो कमी तापमानाला, १२० अंशांच्या आसपास लागतो, आणि हवेतला ओलावा घेऊन हळूहळू पक्का होतो. पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस जातो. पण मग तो थंडी, ऊन, चकचकीत कागद, सगळं सोसतो, आणि पुस्तक उघडून ठेवलं तर बऱ्यापैकी सपाट राहतं. तुमच्या पुस्तकाला शिवण परवडत नसेल तर पीयूआर मागा. नुसतं "परफेक्ट बाइंडिंग" असं दरपत्रकात लिहिलेलं असेल तर गोंद कोणता, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

शिवण महाग का पडते? यंत्र लावायलाच वेळ लागतो. पाच हजार प्रतींवर तो खर्च विरून जातो, दीडशे प्रतींवर अंगावर येतो. तरीही माझं मत सांगतो. मुखपृष्ठावर सोनेरी फॉइलचा गणपती, त्यावर चमकदार यूव्ही, वर मखमली लॅमिनेशन, यावर आपली मंडळी सहज खर्च करतात. गणपतीला माझी ना नाही. पण तोच पैसा कण्यात घाला. आणि लॅमिनेशन करायचंच तर एक लक्षात ठेवा. कव्हरच्या एकाच बाजूला प्लास्टिक बसलं की दुसरी बाजू दमट हवेत ओलावा घेते आणि कव्हर वर वळतं. न वळणारं, नायलॉनचं लॅमिनेशन मिळतं, ते मागता येतं.

पाककृतींच्या पुस्तकाला यातलं काहीच नको, सरळ तारेची स्पायरल करा. एका हातात झारा असताना पुस्तक आपोआप मिटता कामा नये.

स्मरणिका चाळीस-पन्नास पृष्ठांची असेल तर सेंटर पिन पुरते, म्हणजे मधोमध घडी आणि दोन पिना. तिथे पृष्ठसंख्या ४ च्या पटीत हवी. आणि घडीत घडी बसत गेली की आतले कागद बाहेर सरकतात, मग कडा कापताना आतल्या पानांचा बाहेरचा समास जास्त कापला जातो. पृष्ठक्रमांक अगदी कडेला टाकायची हौस असेल तर मधल्या पानांवर तो अर्धा जाईल.

ही ४ ची पट कुठून आली, तर घडीतून. कागद एकदा दुमडला की दोन पानं, चार पृष्ठं. आपल्याकडचे प्रकाशक फर्म्यात हिशोब करतात. १८ बाय २३ इंची ताव तीनदा दुमडला की ८ पानं, १६ पृष्ठं, आणि कापल्यावर आपला नेहमीचा डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ. तुमचा मजकूर १६४ पृष्ठं झाला तर दहा फर्मे आणि वर चार पृष्ठं उरतात. त्या चार पृष्ठांसाठी वेगळी घडी, वेगळी रचना, वेगळा खर्च. बाइंडर कटकट न करता करेल, पैसे घेईल. त्यापेक्षा मनोगतातली चार पृष्ठं कमी करा. मनोगत बहुधा लांबलेलंच असतं.

इथे आपल्या भाषेतली एक गंमत मधे येते. आपण "शंभर पानांचं पुस्तक" म्हणतो तेव्हा कधी शंभर कागद म्हणायचं असतं, कधी शंभर बाजू. छापखान्याला पेज म्हणजे एक बाजू. मी दरपत्रकं बघितली आहेत जी यामुळे निम्मी आली होती, आणि गिऱ्हाईक खूश होतं, पहिल्या प्रुफापर्यंत. पृष्ठ म्हणा आणि आकडा लिहून द्या.

आणखी एक प्रयोग. कालचं वर्तमानपत्र घ्या, उभं फाडा, मग आडवं फाडा. एका दिशेने सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात, ती ही दिशा. पुस्तकात हे तंतू कण्याला समांतर हवेत. उलटे असले तर पान उलटताना ताठ उभं राहतं, दमट हवेत कण्याजवळ लाटा येतात, आणि प्रत्येक वेळी उघडताना गोंदावर ताण पडतो. डिजिटल छपाईत कागद ठरावीक मापाचे येतात, त्यामुळे थोड्या प्रतींच्या कामात हे उलटं जाण्याची शक्यता जास्त. छापखान्याला विचारलंत की तंतू कण्याला समांतर आहेत ना, तर समोरचा माणूस तुमच्याशी जरा वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

काही जण विचारतात, पुण्याहून करून घेऊ का? जरूर. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रकाशक, छापणारे आणि बांधणारे हाकेच्या अंतरावर असतात, आणि थोड्या प्रतींची हातशिवण इथल्यापेक्षा तिथे सोपी जाते. फक्त वजनाचा हिशोब करा. डेमी आकार, २०० पृष्ठं, ८० ग्रॅमचा कागद, म्हणजे एक प्रत साधारण अडीचशे ग्रॅम. विमानातल्या २३ किलोच्या बॅगेत, बॅगेचं वजन वजा जाता, ७५-८० प्रती. पुठ्ठा बांधणी केलीत तर आणखी कमी. आईने दिलेलं मेतकूट आणि भाजणी कुठे ठेवायची, हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

आता आजींच्या पुस्तकाचं काय झालं ते सांगतो. सुट्या झालेल्या प्रतींपैकी अकरा प्रती घरच्यांनी गोळा केल्या. ग्रंथालयांची पुस्तकं पुन्हा बांधून देणाऱ्या बाइंडऱ्या इथे आहेत, आणि त्यांतल्या काही घरगुती कामही घेतात. त्यांची एक पद्धत असते. पानांचा गठ्ठा पंख्यासारखा एका बाजूला कलता करून गोंद लावायचा, मग दुसऱ्या बाजूला कलता करून. त्यामुळे थंड पांढरा गोंद प्रत्येक पानाच्या कडेवर किंचित आत शिरतो आणि शेजारच्या दोन्ही पानांना धरतो. त्यासाठी आधी जुना गोंद काढायला कण्याची कड थोडी कापावी लागते. आणि तिथे अडचण आली. मूळ पुस्तकात पानं वाचवायला आतला समास अगदी कमी ठेवला होता. काही ओळींची पहिली अक्षरं आता कण्यात बसली आहेत. पुस्तक जोर लावून उघडलं तर वाचता येतात. अकरातल्या नऊ प्रती चांगल्या झाल्या. दोनांत पानं आधीच हरवलेली होती. त्या दोन आम्ही तशाच पेटीत ठेवल्या, फोटो स्कॅन करायला उपयोगी पडल्या. चकचकीत कागदावर ही दुरुस्ती किती वर्षं धरेल, याची हमी बाइंडरने दिली नाही, आणि मला त्याचा तो खरेपणा आवडला.

म्हणून आतला समास किमान पाऊण इंच ठेवा. कोणीतरी पुढे हे पुस्तक पुन्हा बांधेल, त्याच्यासाठी ती जागा.

जुने दिवाळी अंक माळ्यावर असतील त्यांनाही हीच वाट आहे. चार-पाच वर्षांचे एकत्र बांधून घेता येतात. फक्त कागद इतका पिवळा पडला असेल की कोपरा दोन-तीनदा दुमडल्यावर तुटतो, तर बांधू नका. तो कागद कुठलीच बांधणी सोसणार नाही. आधी स्कॅन करा आणि सुटेच पेटीत ठेवा.

शेवटची सूचना. छापायच्या आधी कोरी डमी मागा. तुमच्याच कागदाची, तुमच्याच पृष्ठसंख्येची, तुमच्याच बांधणीची, पण आत काही न छापलेली एक प्रत. बाइंडरी ती करून देते, बऱ्याचदा फुकट. ती हातात घ्या, मागे वाकवा, मधलं एक पान चिमटीत धरून ओढा. जाडी मोजा, म्हणजे कण्यावर नाव किती मोठं बसेल ते कळेल. आणि ज्यांचं पुस्तक आहे, त्या आजी-आजोबांना ती द्या. दोन दिवस घरात राहू दे. एका काकांनी माझ्यासमोर डमी उघडली, कोरी पानं उलटली आणि म्हणाले, अक्षर जरा मोठं करा, माझ्या मित्रांना दिसायचं नाही. पृष्ठं वाढली, फर्मे वाढले, खर्च वाढला. पुस्तक शिवणीचं केलं.